साबणाचा दगड

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवढी माणसं आंघोळ करून गेली, तेवढी आईच्या तेरवीला जेवूनही गेली नव्हती. हे मी अभिमानानं सांगत नाही. माझे वडील नथ्थूभाऊ चौकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "आंग धुतलं का?" असं विचारायचे, आणि समोरचा "नाई" म्हणाला की त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. पण आमचं बोरगुडा जिवतीच्या डोंगरावर. इथली जमीन अशी, की शिरू म्हटलं तर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम.

या सगळ्याच्या मुळाशी वांगी होती. आणि वांग्यांच्या मुळाशी, खरं सांगायचं तर, मी.

आईचं नाव कमळा. तिची वांगी लहान, गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली आणि देठाला असे काटे की खुडताना शिवी आलीच पाहिजे. हे बी बाजारात मिळत नाही. तिच्या आईनं तिला दिलं होतं, तिच्या आईला कोणी दिलं ते देवाला माहीत. दरवर्षी एक वांगं ती झाडावरच पिवळं होऊ द्यायची, त्याचं बी राखेत घोळून फडक्यात बांधायची आणि चुलीच्या वर, धूर लागेल असं टांगायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मग आमच्याकडे गॅस आला, चूल थंड झाली आणि तिच्या वर काय टांगलंय ते कोणी पाहिलं नाही.

चैत्रात बाबा दोरी शोधायला आढ्यावर चढले आणि त्यांच्या हाताला ती पुरचुंडी लागली. आईच्या हिरव्या पोलक्याच्या कापडात बांधलेली. बाबांनी तिचा वास घेतला, खाली उतरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"वांग्याचं बी तीन वर्साच्या वर उगवत नाई," ते रात्री म्हणाले. "यंदा नाई लावलं तं संपलं."

मी म्हटलं, "लावू नं मंग. मी हाओ नं."

इथेच सगळं बिघडलं. कारण मी नुसती मंजुषा नाही, मी कृषी सखी आहे. गावातल्या बायकांनी परसबाग कशी करावी हे त्यांना सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी मी आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, टोपी घेतली, प्रमाणपत्र घेतलं आणि थोडा ताठाही घेतला. प्रशिक्षणात साहेबांनी गादीवाफा शिकवला होता. वीतभर उंच, वरून सपाट, म्हणजे पाणी साचत नाही आणि मुळं कुजत नाहीत. साहेब ज्या गावचे होते तिथे पाणी साचतं, ही त्यांची अडचण. आमच्याकडे साचण्यासाठी आधी पाणी असावं लागतं. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं काय दिसणार, आणि त्याच्या मागे उंटावर मीही बसलेली.

मी दोरी लावून, खुंट्या ठोकून असे सुबक गादीवाफे केले की त्यांचा फोटो गटावर टाकला. अकरा बायकांनी अंगठे दिले. त्या वाफ्यांत मी आईचं अर्धं बी पेरलं. डोंगरावरचा वारा त्या उंच वाफ्यांना चारही बाजूंनी लागला आणि सहाव्या दिवशी ते भाजलेल्या विटांसारखे वाजायला लागले. मी बोटानं उकरून पाहिलं. बी उगवलं होतं. पांढरा कोंब काढून, वर यायच्या आधीच वाळलं होतं.

मी रडले. आईच्या वस्तूतली अर्धी वस्तू मी माझ्या शहाणपणापायी मारली होती. बाबांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सब्बल, म्हणजे पहार, उचलली.

"तुयी माय खड्डा करे," ते म्हणाले.

मग मला आठवलं. आईचे वाफे वर आलेले नसायचेच, खाली गेलेले असायचे. इतकी वर्षं मी ते पाहत होते आणि आठ दिवसांत विसरले. बाबांनी तीन वाफे खणले, दोन-दोन वीत खोल. मुरूम काढून कडेला बांध घातला. तळाला पळसाची पानं, त्यावर तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, त्यावर शेणखत आणि राख, आणि सगळ्यात वर नाल्यातून डोक्यावर आणलेली काळी माती. तरी वाफा जमिनीपेक्षा वीतभर खालीच राहिला. वारा वरून निघून जाई, त्याला आत काय आहे हे कळतच नसे. उरलेलं अर्धं बी बाबांनी स्वतः पेरलं आणि वर तुरीच्या काड्यांचा मांडव घातला.

आता राहिलं पाणी.

बोरगुड्याला उन्हाळ्यात टँकर येतो, तीन दिवसांतून एकदा. म्हणून ग्रामसभेनं ठराव केलेला आहे की पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही. घातलं तर पुढचे तीन टँकर रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं, म्हणजे तळातला गाळ न्यायचा. पण वापरलेल्या पाण्याबद्दल ठरावात काही नाही. आई तर ठराव व्हायच्या आधीपासून तसंच करायची. तिनं दोन किलोमीटरवरच्या झऱ्यावरून आणलेला प्रत्येक गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आधी माणसाच्या अंगावरून जायचा आणि मग वांग्याला मिळायचा. "झाडानं मानसाच्या मांगून जेवावं," असं ती म्हणायची.

बाबांनी ते ब्रह्मवाक्य धरलं. त्यांनी न्हाणीच्या दगडाभोवती आडोशाला बांबूचा नवा तट्टा बांधला, दगडापासून वाफ्यापर्यंत नाली काढली आणि हिशेब केला. आम्ही घरात दोनच माणसं. दोन माणसांच्या आंघोळीत एक वाफा भिजायचा. वाफे तीन.

"मानसं कमी पडून राह्यले," बाबा म्हणाले आणि चौकात जाऊन उभे राहिले.

लोक आले, कारण बोरगुड्यात उन्हाळ्यात दुसरं काही करण्यासारखं नसतं. ज्यानं त्यानं आपली अर्धी बादली घेऊन यायचं आणि आमच्याकडे आंग धुवायचं. तट्टा नवा, सावली चांगली, वर बाबांचा चहा. बाबांच्या अटी तेवढ्या कडक. साबण चालणार नाही, त्यानं पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, जळतात. घाम आधी कोरड्या फडक्यानं पुसायचा, कारण घामात मीठ असतं आणि मीठ वांग्याला चालत नाही. बाबा तट्ट्याबाहेर उभे राहून सूचना द्यायचे. "एकदम ओतू नको, मुळं उघडे पडते! हळू! पाठ राह्यली, पाठ!" आमच्या गल्लीतले म्हातारे सांगतात की त्यांच्या पाठी इतक्या स्वच्छ लग्नातही नव्हत्या.

झिंगू नावाच्या आमच्या शेजाऱ्यानं एकदा साबण लपवून नेला. बाबांना नालीत फेस दिसला. त्यांनी पायानं नाली मोडली आणि झिंगूला आहे त्या अवस्थेत, कमरेला टॉवेल, तोंडाला फेस, वाडीच्या कुंपणाबाहेर नेऊन एका काळ्या दगडावर बसवलं. तिथे आजूबाजूला काही उगवत नाही आणि उगवणारही नाही. त्या दिवसापासून तो साबणाचा दगड झाला. ज्याला साबणाशिवाय जमत नाही, त्यानं तिथे बसावं.

त्या दगडावर पहिल्यांदा रडायला धाडलं गेलं ते माझ्या कला आत्याला. भावाला भेटायला आली आणि पऱ्हे पाहून तिला आईची आठवण झाली. वाफ्यावर वाकून तिनं "कमळे वं, कमळे" असं सुरू करताच बाबांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"बाई, रडाचं असन तं तिकडं त्या दगडावर जाय. इथी मीठ चालत नाई."

आत्या इतकी चकित झाली की दगडापर्यंत पोचेस्तोवर रडणंच विसरली. "तू दगडाचाच हायेस," ती बाबांना म्हणाली. "बायको गेली तवा तुया डोयात थेंब नोयता." ते खरं होतं. आई गेली तेव्हा बाबा रडले नव्हते, नंतरही नाही. मी दोन वर्षं त्यांच्यावर मनातून रागावून होते आणि ते त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

बाबांचा सगळ्यात लाडका होता मुश्ताक, टँकरवाला. वरोऱ्याचा माणूस. टँकर रिकामा झाला की दुपारची नमाज पढायच्या आधी तो आमच्या न्हाणीवर वजू करायचा. हात, तोंड, नाक, कोपरापर्यंत हात, पाय, सगळं ठरलेल्या क्रमानं आणि एका लोट्यात. साबण नाही, घाई नाही.

"याले म्हंते पानी वापरनं," बाबा सगळ्या गावाला सांगायचे. मधल्या वाफ्यातले पऱ्हे सगळ्यात तरतरीत होते आणि ते मुश्ताकच्या पाण्याचे, असं त्यांचं ठाम मत होतं.

मुश्ताक हसायचा. "नथ्थूभाऊ, वांगे लागले की मेरे घर भेजना. मेरी बीवी खातूनले भरले वांगे लय पसंद."

एक्केचाळीस पऱ्हे उगवले. बाबा रोज सकाळी मोजायचे.

मग टँकरची क्लचप्लेट गेली.

मुश्ताकचा फोन आला की सामान मिळत नाही, दोन दिवस लागतील. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. झरा आटलेला, आणि हातपंप दिवसाला घरटी दोन गुंड गढूळ पाणी द्यायचा आणि ते पिण्यातच जायचं. गावानं आंघोळ सोडली. बाबा चौकात उभे राहून "आंग धुतलं का?" विचारायचे, लोक "नाई" म्हणायचे, आणि त्या "नाई"चा आता काही उपयोग नव्हता.

बाबांनी हार मानली नाही. सकाळी गल्लीतल्या घरोघरी जाऊन ते "तांदूळ धुतले का?" असं विचारत आणि धुवण घ्यायला गंज, म्हणजे पातेलं, पुढे करत. एकेका पऱ्ह्यासमोर बसून आपल्या प्यायच्या पाण्याची एकेक चूळ भरून मुळाशी टाकत. एक्केचाळीस पऱ्हे, एक्केचाळीस चुळा. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांचे गाल दुखत. मी एका दुपारी माझ्या वाटचं प्यायचं पाणी, एक तांब्या, हळूच वाफ्यात ओतलं. बाबांना ओल पाहूनच कळलं.

"हे कोनाच्या आंगावरून आलं?"

मी तांब्या पाठीमागे लपवला.

"तुयी माय कदी असं करे का? तू तहानली राह्यनार अन् झाड पेनार? थे उतरन का तिच्या गळ्याखाली?"

हे ते अशा थाटात म्हणाले की जणू आई आत स्वयंपाकघरात बसलेली आहे आणि संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं आहे. मी भांडणार होते, पण भांडले नाही.

नवव्या दिवशी तेवीस पऱ्हे उभे होते. बाकीच्यांनी माना टाकल्या होत्या.

आणि त्याच दिवशी मला पाहायला चामोर्शीहून पाहुणे येणार होते. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. हा बेत महिन्याभरापूर्वी कला आत्यानं ठरवला होता. मुलाचं नाव पियुष, धानाची शेती, वैनगंगेच्या पलीकडे घर. मी बाबांना म्हटलं, "पाहुन्यायले नाई म्हना. घरात प्याले पानी नाई." बाबा म्हणाले, "येऊ दे. सात जन हाये." सात जण म्हणताना त्यांची नजर वाफ्यांवर होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जीप आली. पियुष उतरला, त्याची आई रंजीताबाई उतरली, त्याचे दसरूमामा उतरले आणि मग जीपमध्ये जागा होती म्हणून आलेली चार माणसं उतरली. आणि मागून वीस-वीस लिटरच्या पाच कॅन उतरल्या. जिवतीला जायचं तर पाणी घरून न्यावं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी खिडकीतून पाहत होते. होणाऱ्या जावयाकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते कॅन मोजत होते.

"या, या. पाय धुवा," बाबा म्हणाले.

पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं ही रीत सगळीकडे आहे. पण ते दारात देतात. बाबांनी सातही जणांना घराला वळसा घालून मागे नेलं, नालीत एका रांगेत उभं केलं आणि त्यांच्याच कॅनमधलं पाणी त्यांच्या पायांवर घालायला सुरुवात केली.

"हे काय होय?" दसरूमामा म्हणाले. ते अंगानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. "पानी आमचं, पाय आमचे, मंग तुमचं काय?"

"वाफे आमचे," बाबा म्हणाले. "अन् आता आलेच हा इथपर्यंत तं आंगही धुवून घ्या. समदे. तट्टा नवा हाये. साबन तेवढा लावू नका."

माणसाला घरी बोलावून, मुलगी दाखवायच्या आधी, चहासुद्धा न देता, "आंघोळ करा" म्हणणं म्हणजे तो मळकट आहे असं त्याच्या तोंडावर म्हणणं. मामांचा चेहरा लाल झाला.

"आमी पाहाटे चारले आंग धुवून निंगालो!" ते ओरडले. "आमी का घान दिसून राह्यलो तुमाले? पोरगी पाहाले बोलावलं का आंग धुवाले? चाल पियुष. चाल वं रंजीते. बसा गाडीत."

ती चार माणसं तर ओल्या पायांनी निघालीसुद्धा. बाबा मध्येच उभे. त्यांच्या हातात कॅन, कॅनमध्ये पाणी, आणि ते पाणी पाहुण्यांचं. त्यांना ते ठेवून घेता येत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. माझे वडील इतके केविलवाणे मी कधी पाहिले नव्हते. ते कोणाच्या पाया पडले असते तरी मला इतकं लागलं नसतं.

मी साडी नेसून, पोह्यांचा ट्रे घेऊन, मान खाली घालून बाहेर यायचं होतं. मी रिकामी बादली घेऊन आले आणि मान खाली घालायची राहून गेली.

"थांबा," मी म्हटलं. "हे मायच्या हातचं बी होय. माय नाई राह्यली. अर्धं बी म्या मारलं, मायाच शायनपनानं. जे उरलं थे तेवीस झाडं हाये, अन् नऊ दिवसांपासून गावात कोनी आंग नाई धुतलं. प्याचं पानी झाडाले घालाचं नाई, हे गावाचं बी म्हननं हाये अन् मायचं बी. म्हनून तुमच्या आंगावरचं पानी पायजे. सोयरीक नाई जमली तं नाई जमली. पन आंग धुवून जा."

बोलून झाल्यावर मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण ते खरंच होतं आणि परत घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रंजीताबाई पुढे आल्या. मला पाहायला, असं मला वाटलं. त्या माझ्या शेजारून निघून वाफ्याकडे गेल्या आणि उकिडव्या बसल्या. मांडवाच्या काड्या बाजूला करून त्यांनी मातीत बोट घातलं, पार तळापर्यंत. मग एका पऱ्ह्याची पडलेली मान दोन बोटांनी उचलून पाहिली. धान लावणारी बाई. तिचा जन्म पऱ्ह्यांत गेलेला.

"किती दिवसाचे होय?" त्यांनी विचारलं.

"पंचवीस," बाबा म्हणाले.

"आज नाई भेटलं पानी तं उद्या नाई राहात हे." त्या उठल्या आणि भावाकडे वळल्या. "दसरू, आपल्याकडं पऱ्हे वाळाले लागले तं तू जेवतस का?"

मामा जीपकडे पाहायला लागले.

"मंग? शर्ट काढ."

आणि त्यांनी हातातलं घड्याळ काढून माझ्याजवळ दिलं, एक कॅन स्वतः उचलली आणि तट्ट्याआड गेल्या. पहिली आंघोळ त्यांनी केली. आतून आवाज आला, "भाऊ, पाठीवरून टाकू का डोक्शावरून?" बाबा एकदम जिवंत झाले. "डोक्शावरून, बाई! हळूहळू! अन् कानामांगं इसरू नका!"

मग जे झालं ते बोरगुड्यात अजून सांगतात. चामोर्शीचे पाहुणे रांगेत उभे राहून आंघोळ करत होते आणि कुंपणावरून अर्धं गाव पाहत होतं. बाबा प्रत्येकाचा घाम पुसून घेत होते. तिकडची माणसं पाण्यात वाढलेली, त्यांना अर्ध्या बादलीत भागवता येईना. एकानं तर सवयीनं बुडी मारायला नाक धरलं. दसरूमामा सगळ्यात शेवटी, कुरकुरत, धोतराला गाठ मारत आत गेले. पहिला तांब्या अंगावर पडला आणि त्यांनी भजन सुरू केलं. दोन कडवी झाली तरी बाहेर येईनात.

"मामा, तिसरा वाफा भरला!" बाबा ओरडले. "तरी गा तुमी, गा!"

त्यात पियुष राहिला होता. तो बाबांसमोर येऊन उभा राहिला, कानापर्यंत लाल.

"बाबा, मायाजोळ साबनाची वडी हाये. खिशात. गाव याच्या आंधी तोंड धुवाचं होतं म्हनून आनली होती."

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत हुंगलं. "लावली का?"

"लावली. नाल्याजोळ, कॅनच्या पान्यानं. तोंडालेच लावली फक्त."

"दगडावर," बाबा म्हणाले. त्यात जावई वगैरे काही आड येत नव्हतं.

अर्धी बादली घेऊन मी त्याच्याबरोबर गेले. आमच्यात आडवी एक जुनी ताडपत्री, तिच्या पलीकडे तो आणि अलीकडे मी पाठमोरी. लग्नाच्या बोलणीत मुला-मुलीला एकांत देतात तो हाच, असं मी धरून चालले.

"तुमच्याकडं रोज असं राह्यते का?" त्यानं विचारलं.

"नाई. आज मानसं जास्त होते."

पाणी पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, उन्हात चक्कर आली की काय.

"काऊन, का झालं?"

"हे पानी तं कुठीच गेलं नाई," तो म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "दगडावर पडलं अन् वाळलं. वाया गेलं नं?"

"हो. गेलं."

"मले सांगाले नोयतं पायजे साबनाचं. कोनाले कळलं नसतं. एखादा पऱ्हा भिजला असता."

"जळला असता," मी म्हटलं.

पण मला तो त्या क्षणी आवडला, हे मी सरळ सांगते. धान पिकवणाऱ्या घरचा मुलगा, वैनगंगा जवळ, आणि अर्धी बादली पाणी दगडावर वाळलं म्हणून त्याला वाईट वाटलं. त्यानं बादली मला परत दिली तेव्हा तिच्या तळाशी दोन ओंजळी पाणी त्यानं शिल्लक ठेवलं होतं.

दुपारपर्यंत पऱ्ह्यांनी माना उचलल्या. तेवीसच्या तेवीस, आणि मेले म्हणून सोडलेले तीन. ओल्या केसांचे पाहुणे वाफ्यांभोवती बसून पोहे खात होते आणि एकमेकांना आपापल्या पाण्याची झाडं दाखवत होते. मामांनी तर तिसऱ्या वाफ्यातलं एक झाड स्वतःचं नाव देऊन आपलं केलं. मुश्ताकचा फोन आला, क्लचप्लेट बसली, उद्या टँकर घेऊन येतो. बाबांनी त्याला सगळी हकिगत सांगितली. तो पलीकडून इतका हसला की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

निघताना रंजीताबाईंनी माझ्या हातून घड्याळ घेतलं, मनगटावर चढवलं आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी तं आमाले पसंत हाये, तिले विचारून सांगजा. पन भाऊ, एक मांगू का?"

"मांगा नं."

"चार-पाच पऱ्हे द्या. मायाकडं विहीर हाये. पोरगी मंग येईन तवा येईन, नाई आली तरी चालन. पन हे वांगं दोन जागी पायजे. इथी मेलं तं तिथी राह्यन."

बाबांनी पळसाच्या पानांचा द्रोण केला. मधल्या वाफ्यात, मुश्ताकच्या पाण्याच्या वाफ्यात, ते गुडघ्यावर बसले आणि मुळाभोवतीच्या मातीसकट पाच पऱ्हे उचलले. सगळ्यात चांगले पाच. द्रोण रंजीताबाईंच्या ओंजळीत ठेवताना त्यांनी हात लगेच काढला नाही.

"संध्याकाळी लावजा," ते म्हणाले. "खड्ड्यात लावजा. वर नाई."

"खड्ड्यातच लावतो, भाऊ."

जीप गेली. मी पाण्याच्या रिकाम्या कॅन पाहत उभी होते, पाहुणे त्या विसरून गेले होते. बाबा पुन्हा वाफ्यात वाकले, पाच पऱ्ह्यांच्या जागचे पाच खळगे बुजवायला. दोन बुजवले. तिसऱ्यावर त्यांचा हात थांबला.

मग ते घाईनं उठले. दुपट्टा दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला, वाटेत थेंब पडू नये म्हणून मान मागे टाकली आणि तसेच, आंधळ्यासारखे ठेचकाळत, कडेचा वाफा ओलांडून कुंपणाबाहेर गेले. साबणाच्या दगडावर बसले. आणि रडले. मोठ्यानं, हमसून, आईचं नाव घेऊन, दोन वर्षांत पहिल्यांदा. कुंपणावर अजून काही लोक होते, ते एकेक करून निघून गेले.

माझा दोन वर्षांचा राग तिथेच संपला. मी थोडा वेळ थांबले. मग पियुषनं ठेवलेलं ते दोन ओंजळी पाणी घेऊन त्यांच्याजवळ गेले.

"बाबा, तोंड धुवा."

त्यांनी मान हलवली आणि बादली हातानं दूर सारली, पाणी सांडणार नाही अशी, जपून.

"इथी नाई," ते म्हणाले. "थांब जरा. मीठ सरू दे. मंग वाफ्यात धुतो."